चिमुकले देश, कोवळे खेळाडू आणि मधल्या पायऱ्या

ठिपका

ऑलिंपिकमधल्या शंभर मीटरची अंतिम शर्यत सगळं जग बघतं. मला त्याहून जास्त ओढ प्राथमिक फेरीची. पहिल्या फेरीच्याही आधी, सकाळच्या सत्रात ती उरकून घेतात. पात्रतेची वेळ गाठलेली नाही, पण 'युनिव्हर्सॅलिटी'च्या जागेवर आलेत, असे धावपटू तिथे धावतात. (पेपरवाले यालाच सरसकट वाइल्ड कार्ड म्हणतात.) नियमाचा गाभा साधा आहे. ज्या देशाचं कुणीच स्वबळावर पात्र ठरत नाही, त्यालाही कुणालातरी पाठवता यावं. पोहण्यातही अशीच सोय आहे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तुवालूचं अख्खं पथक म्हणजे दोन खेळाडू, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही शंभर मीटरला. देशाची लोकसंख्या साधारण ११,०००. राजधानी फुनाफुटीला धावायचा ट्रॅक नाही. आहे ती विमानाची धावपट्टी. आठवड्याला मोजकीच विमानं येतात, त्यामुळे संध्याकाळी सगळं गाव तिथेच लोटतं. कुठे रग्बी, कुठे व्हॉलीबॉल, कुठे नुसतंच पाय मोकळे करणं. विमान यायच्या वेळी भोंगा वाजतो, माणसं बाजूला होतात, विमान येऊन गेलं की खेळ पुढे चालू. सरळ पळायला अशी जागा शोधून सापडणार नाही. पण वळणाचा सराव कुठे करायचा? 

तर मुद्दा हा. अशा पोरांना थेट ऑलिंपिकला नेऊन काय साधतं? शंभर मीटरमध्ये एक सेकंद मागे म्हणजे जवळजवळ नऊ मीटर मागे. गोळी सुटली, पाच-सहा पावलं टाकली, की बाकीच्यांच्या पाठी दिसायला लागतात. माझं मत असं की ऑलिंपिकचा दरवाजा उघडा ठेवणं ठीकच आहे, पण छोट्या देशांच्या मुलांना खरी गरज आहे ती मधल्या पायऱ्यांची. जिथे गेलं तर जिंकण्याची शक्यता असते, निदान शेवटच्या वळणापर्यंत शर्यत शर्यतीसारखी वाटते, अशा स्पर्धांची.

कॅरिबियन बेटांकडे ही पायरी आहे. कॅरिफ्टा गेम्स, म्हणजे मुलामुलींची धावण्या-उड्यांची मैदानी स्पर्धा, १९७२ पासून, ईस्टरच्या सुट्टीत. वयोगट १७ खालचा आणि २० खालचा. ज्या व्यापारी कराराच्या नावाने ही स्पर्धा सुरू झाली तो करार कधीच इतिहासजमा झाला, पोरांची स्पर्धा मात्र जोरात चालू आहे. ग्रेनाडाचा किरानी जेम्स यातूनच वर आला. गुयाव्ह नावाच्या कोळ्यांच्या गावचा पोरगा, २०११ मध्ये अठराव्या वर्षी ४०० मीटरचा जगज्जेता आणि २०१२ ला लंडनमध्ये ४३.९४ सेकंदांत सुवर्ण. देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. नंतर रौप्य आणि कांस्यही. देशाची वस्ती लाख-सव्वा लाख.

युरोपातल्या छोट्या देशांनी १९८५ मध्ये सान मरिनोत आपली वेगळी स्पर्धा सुरू केली. दहा लाखांच्या आतले देश, दर दोन वर्षांनी: अँडोरा, सायप्रस, आइसलँड, लिश्टेनश्टाइन, लक्झेंबर्ग, माल्टा, मोनॅको, सान मरिनो आणि मागाहून आलेला मॉन्टेनेग्रो. २०२५ ची अँडोरात झाली. वयाची अट नसली तरी शाळा-कॉलेजातली बरीच मुलं यात पहिल्यांदा देशाचा बनियन घालतात.

ज्यांच्याकडे अशी पायरी नाही त्यांचं काय? इथल्या जाणकारांनी लिहावं.

निवांत_पाटी

धागा आवडला. बैठक मारून वाचतो.

चतकोर

मधल्या पायरीच्या मुद्द्याला एरिक मुसाम्बानीचं उदाहरण चपखल बसतं. सिडनी २०००, इक्वेटोरियल गिनी, शंभर मीटर फ्रीस्टाइल. हीटमध्ये तिघेच होते. बाकीचे दोघं सुरुवातीच्या इशाऱ्याआधीच पाण्यात पडले आणि बाद झाले. उरला हा एकटा. पन्नास मीटरचा तलाव त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता. सराव हॉटेलच्या छोट्या तलावात केलेला.

पहिली लांबी बरी गेली. वळून परत येताना हात जड झाले, पाय खाली जायला लागले, शेवटच्या पंधरा-वीस मीटरमध्ये तर तो पुढे सरकतोय की जागच्या जागी हात मारतोय तेच कळेना. सगळं प्रेक्षागृह उभं राहून ओरडत होतं. वेळ १ मिनिट ५२.७२ सेकंद. त्याच स्पर्धेत पीटर व्हान डेन होगेनबांडने ४८.३० मध्ये सुवर्ण घेतलं.

ही गोष्ट सगळे इथेच थांबवतात. खरी गोष्ट पुढे आहे. पठ्ठ्याने चार वर्षं जीव तोडून सराव केला, ५७ सेकंदांच्या आत आला. जवळजवळ अर्धी वेळ! आणि २००४ ला अथेन्सला व्हिसाच्या घोळामुळे जाताच आलं नाही. पुढे तो देशाच्या पोहण्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला. ५७ सेकंदवाला मुसाम्बानी कुणाला माहीत नाही, १:५२ वाला सगळ्यांना माहीत आहे. कौतुक करतानाही आपण त्याचं हसूच केलं की नाही?

उभा_आडवा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या युनिव्हर्सॅलिटी प्रकाराने खेळाडूंपेक्षा पदाधिकाऱ्यांचंच भलं होतं. मी एका बहुक्रीडा स्पर्धेत स्वयंसेवक होतो. माझ्याकडे ज्या छोट्या देशाचं पथक होतं त्यात एकोणीस वर्षांची एक धावपटू, आणि तिच्यासोबत आलेल्या साहेबांना तिची शर्यत कोणत्या दिवशी आहे हेच ठाऊक नव्हतं. कॉल रूमला (शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात ती खोली) किती वाजता पोहोचायचं, नंबर कुठे टोचायचा, स्पाइक्सची खिळ्यांची लांबी कुठे तपासतात, हे सगळं तिने आम्हा स्वयंसेवकांनाच विचारलं. साहेब स्वागत समारंभात. देशाचं नाव लिहीत नाही.

आणि तिची शर्यत १२-१५ सेकंदांत संपलीसुद्धा. त्यापेक्षा त्या पैशात तिला वर्षभर एक चांगला कोच द्या ना.

ठिपका

@उभा_आडवा, पदाधिकाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. पण पैशाचं गणित तेवढं सरळ नाही. स्पर्धेचा प्रवास आणि राहणं यांचा मोठा भाग आयोजक आणि आंतरराष्ट्रीय संघटना उचलतात. खेळाडू गेला नाही तर तो पैसा कोचकडे वळत नाही, तो मुळात मिळतच नाही. ऑलिंपिक सॉलिडॅरिटीच्या (ऑलिंपिक समितीची मदत योजना) शिष्यवृत्त्या आहेत, पण तिथेही अर्ज करायला कुणीतरी जागं असावं लागतं.

दशांश

आता कुणीतरी 'दरडोई पदकं' काढायच्या आत मीच लिहून टाकतो.

पॅरिसनंतर सगळीकडे तो तक्ता फिरत होता. पहिला ग्रेनाडा: भालाफेकीत अँडरसन पीटर्स आणि डेकॅथलॉनमध्ये लिंडन व्हिक्टर, दोन कांस्यं. त्याखाली डॉमिनिका: तिहेरी उडीत थिया लाफाँडचं सुवर्ण, १५.०२ मीटर. सत्तरेक हजारांचा देश. छान वाटतं वाचायला. पण १९९६ ते २०२० पर्यंत डॉमिनिकाचा आकडा शून्य होता. मग एका बाईची एक उडी, आणि देश थेट तक्त्यात दुसरा. ते पदक हुकलं असतं तर पुन्हा शून्य. इतक्या छोट्या लोकसंख्येत एका पदकाने सगळं वरखाली होतं, त्यावरून 'तिथली क्रीडाव्यवस्था' वगैरे अनुमानं काढणं म्हणजे एका नाणेफेकीवरून नाणं खोटं ठरवणं.

शिवाय लाफाँड लहानपणीच अमेरिकेत गेली, तिथेच घडली. टोकियोत कुस्तीचं कांस्य मिळवून देणारा सान मरिनोचा मायल्स अमीन मिशिगनचा. २०२२ च्या राष्ट्रकुलात पॅसिफिकमधल्या निऊएला इतिहासातलं पहिलं पदक मिळालं, बॉक्सिंगमध्ये. तो मुलगाही न्यूझीलंडमध्ये राहणारा. दोनेक हजार वस्तीच्या बेटावर हेवीवेटला सराव द्यायला दुसरा हेवीवेट कुठून आणणार, हेही खरंच.

मग हे पदक नेमकं कोणत्या व्यवस्थेचं?

पाऊलवाट

दशांश, तुमचं गणित बरोबर आहे, पण मला त्यात मुलगी दिसत नाही.

ज्युलियन आल्फ्रेड. सेंट लुशिया, लोकसंख्या १ लाख ८० हजारांच्या आसपास. बारा वर्षांची असताना वडील गेले. चौदाव्या वर्षी एकटी जमैकाला शाळेत गेली, कारण पळण्याचं पुढचं शिक्षण घरच्या बेटावर नव्हतं. २०१८ ला ब्यूनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्य. मग टेक्सासचं विद्यापीठ. मग पॅरिसच्या पावसात १०.७२, शंभर मीटरचं सुवर्ण, दोनशेचं रौप्य. देशाची पहिली दोन पदकं, चार दिवसांत.

जिंकल्यावर ती म्हणाली की आता तरी सेंट लुशियात नवं स्टेडियम व्हावं. असं नाही की तिथे स्टेडियम बांधलंच नव्हतं. व्यू फोर्टला जॉर्ज ओडलम स्टेडियम होतं. २००९ मध्ये सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली आणि रुग्णालय हलवलं ते या स्टेडियममध्ये. तात्पुरतं म्हणून. तिथे वर्षानुवर्षं खाटा लागल्या. आल्फ्रेड तेव्हा आठ वर्षांची होती. म्हणजे तिच्या पळायच्या सगळ्या वयात देशाच्या स्टेडियममध्ये पेशंट होते.

बरं, यात चूक कुणाची? रुग्णालय जळाल्यावर रुग्णांना उघड्यावर ठेवायचं होतं का? छोट्या देशात एकच मोठी इमारत असते आणि तिच्याकडे दोन कामं येतात.

ठिपका, तुमची मधली पायरी मला पटते. पण त्या पायरीवर चढायला चौदा वर्षांच्या पोरीला घर सोडावं लागत असेल तर तिचा हिशोबही मांडा. जी आल्फ्रेड झाली तिचं आपण वाचतो. तिच्यासारख्याच गेलेल्या आणि काहीच न झालेल्या मुली कुठे गेल्या, ते कुणी लिहीत नाही.

निवांत_पाटी

पाऊलवाट, +१. स्टेडियममधल्या रुग्णालयाचं माहीत नव्हतं.

खिळा_आणि_हातोडा

सगळे धावण्यावरच अडकलेत म्हणून थोडं वेगळं.

छोट्या देशाने सगळ्या खेळांत हात मारायचाच कशाला? एक खेळ धरायचा, तोही कमी खर्चाचा, आणि त्याच्या मागे लागायचं. नौरू बघा. २१ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती १२,००० च्या घरात. वेटलिफ्टिंगला काय लागतं? एक बार, प्लेट्स, लाकडी फळी, छप्पर. मार्कस स्टीव्हन ऑस्ट्रेलियात शाळेला असताना पॉल कॉफा या प्रशिक्षकाच्या हाती लागला. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुलात त्याने नौरूला सुवर्ण मिळवून दिलं. १९९२ च्या ऑलिंपिकला नौरूची ऑलिंपिक समितीच नव्हती, तर तो सामोआकडून उतरला. पुढे गडी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आता बोला.

आणि कॉफांनी पुढे जे केलं ते इथल्या चर्चेला जास्त लागू आहे. पॅसिफिकमधल्या सगळ्या छोट्या देशांच्या मुलामुलींसाठी एकच सामायिक केंद्र, ओशनिया वेटलिफ्टिंग इन्स्टिट्यूट. बरीच वर्षं ते न्यू कॅलेडोनियात होतं. किरिबातीचा डेव्हिड काटोआटाऊ तिथलाच. तोच तो, वजन उचलल्यावर मंचावर नाचणारा. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलात त्याने देशाचं पहिलं पदक आणलं, तेही सुवर्ण. समुद्र वर चढतोय, आमच्याकडे बघा, हे सांगायला आपण नाचतो असं त्याने रिओत सांगितलं होतं.

दुसरं उदाहरण कोसोव्हो. लोकसंख्येने एवढा लहान नाही, पण वीस लाखांच्या आतलाच. ज्युदो, पेया नावाचं गाव, द्रितोन कुका नावाचा एक प्रशिक्षक. हा स्वतः १९९२ ला ऑलिंपिकला जायच्या बेतात होता, युगोस्लाव्हिया फुटल्यामुळे राहिलं. मायलिंदा केल्मेंडी आठ वर्षांची असताना त्याच्याकडे आली. देशाला ऑलिंपिक समितीची मान्यता नव्हती म्हणून २०१२ ला अल्बानियाकडून खेळली, २०१६ ला कोसोव्होकडून सुवर्ण. टोकियोत त्याच गावातल्या आणखी दोघींना सुवर्ण. एका गावातून तिघी!

उभा_आडवा

आणि कुका उद्या निवृत्त झाला की? एका माणसावर उभं असलेलं दुकान त्याच्याबरोबरच बंद होतं.

खिळा_आणि_हातोडा

होईलही बंद. पण दहा खेळांत दहा रिकामी दुकानं उघडण्यापेक्षा बरं. बाय द वे, पॅरिसलाही कोसोव्होने ज्युदोत एक रौप्य, एक कांस्य घेतलंय. तेव्हा एवढ्यात तरी शटर पडत नाही.

चतकोर

सांघिक खेळांचा उल्लेखच नाही झाला. आइसलँड, २००८ बीजिंग, पुरुष हँडबॉल, रौप्य. तेव्हा देशाची वस्ती सव्वातीन लाखांच्या आत. मॉन्टेनेग्रोच्या मुलींनी २०१२ ला हँडबॉलमध्येच रौप्य घेतलं. फिजीचं रग्बी सेव्हन्स तर आहेच, २०१६ आणि टोकियो, लागोपाठ सुवर्ण. बहुक्रीडा स्पर्धेत संघ पाठवणं महाग पडतं, पण ज्यांना जमलं त्यांनी तो एक खेळ शाळाशाळांत मुरवलेला आहे.

लांबलचक

मूळ प्रश्नाकडे येतो. थेट ऑलिंपिकला पाठवून काय साधतं?

फ्लोरा डफी, बर्म्युडा. ६०-६५ हजारांचा देश. २००८ बीजिंग, वय वीस, ट्रायथलॉन. शर्यत पूर्णच करू शकली नाही. २०१२ ला ४५ वी. २०१६ ला आठवी. टोकियोत ३३ व्या वर्षी सुवर्ण. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारा त्याहून कमी लोकसंख्येचा देश आजवर नाही. लहान असताना तिला ब्रिटनकडून खेळायचं बोलावणं होतं, तिने नाही म्हटलं. २००८ च्या निकालावरून तुम्ही तिला 'पर्यटक' म्हणून मोकळे झाला असतात.

ठिपका

@लांबलचक, चांगलं उदाहरण. पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. २००८ आणि २०२१ च्या मध्ये डफी काय करत होती? जागतिक मालिकेच्या शर्यती, वर्षानुवर्षं. कधी विसावी, कधी दहावी, कधी पाचवी, मग पहिली. तिला पायऱ्या मिळाल्या. तुवालूच्या मुलाला पॅरिसनंतर पुढची शर्यत कोणती? पॅसिफिक गेम्स दर चार वर्षांनी. मधे मिनी गेम्स. त्या तारखा पकडून विमानाची तिकिटं जमवायची, तीही अशा ठिकाणाहून जिथून बाहेर पडायलाच फिजीमार्गे जावं लागतं. शर्यत १२ सेकंदांची आणि तिच्या पुढेमागे रिकामी वर्षं. माझा आक्षेप या रिकामेपणाला आहे, शेवटच्या नंबराला नाही.

पाऊलवाट

शेवटच्या नंबरावरून आठवलं. भूतानची किंझांग ल्हामो, पॅरिसची मॅरेथॉन. सिफान हसन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली. ही आली ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांनी, दीड तास उशिरा. शर्यत पूर्ण करणाऱ्या ८० जणींत ८० वी. शेवटच्या टप्प्यात रस्त्याकडेची माणसं तिच्या बाजूने पळत होती, काही सायकलवर. ती मधेच चालत होती, पुन्हा पळत होती. थांबली मात्र नाही.

या शर्यतीत अकराजणींनी मधेच सोडून दिलं, हेही लक्षात असू द्या.

उभा_आडवा

तिच्याबद्दल आदर आहेच. पण भूतानचंच घ्या. १९८४ पासून ऑलिंपिकला जातात, बराच काळ फक्त तिरंदाजी. तो तर त्यांचा राष्ट्रीय खेळ. आणि स्वबळावर पात्र ठरलेली पहिली खेळाडू कधी? कर्मा, टोकियोसाठी. पस्तीस वर्षांहून जास्त लागली. आमंत्रणावर जाता येत होतं म्हणून पात्र ठरायची घाई कुणालाच नव्हती, असं म्हटलं तर?

दशांश

म्हणता येईल, पण सिद्ध करता येणार नाही. तिथली पारंपरिक तिरंदाजी १४० मीटरच्या आसपासच्या अंतराची, इवल्याशा लक्ष्यावर. ऑलिंपिकची ७० मीटरची, वेगळं धनुष्य, वेगळी गुणपद्धत. खेळाचं नाव सारखं म्हणून खेळ सारखा होत नाही. हा फरक पार करायला वेळ लागणारच होता.

उभा_आडवा

हे मान्य. १४० मीटर! बघतो कुठे व्हिडिओ मिळाला तर.

कोपऱ्यातला

उशिरा आलो. युवा ऑलिंपिकबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. २०१० ला सिंगापूरला सुरू झालं तेव्हा यात १४ ते १८ वर्षांची मुलं खेळली आणि पहिल्याच खेपेला प्रत्येक देशाला किमान चार जागा राखून ठेवल्या होत्या. मला त्यातली मिश्र संघांची कल्पना फार आवडते. ज्युदोत वेगवेगळ्या देशांची मुलंमुली एका संघात घातली आणि संघांना शहरांची नावं दिली. सुवर्ण जिंकलेल्या संघाचं नाव होतं एसेन. ज्या देशाकडे संघ उभा करायला सात ज्युदोपटू नाहीत, त्याचा एकटा पोरगाही सांघिक सामना खेळतो. पदकतालिकेत ही पदकं कुठल्याच देशाच्या नावावर जात नाहीत, म्हणून बातमीत येत नाहीत, तो भाग वेगळा.

ठिपका यांची मधली पायरी ही होऊ शकते का?

ठिपका

अर्धीच. चार वर्षांतून एकदा येते आणि वयाची खिडकी इतकी अरुंद की बहुतेकांना आयुष्यात एकदाच मिळते. कॅरिफ्टाचं बळ हे की ते दर वर्षी येतं. पंधराव्या वर्षी सहावा आलेला पोरगा सोळाव्या वर्षी पुन्हा त्याच पोरांसमोर उभा राहतो. अंतर किती कापलं ते त्याला घड्याळाशिवाय कळतं.

पुढचं युवा ऑलिंपिक डाकारला, सेनेगल, ३१ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२६. मुळात २०२२ ला होतं, पुढे ढकललं. आफ्रिकेत होणारी ही पहिलीच ऑलिंपिक स्पर्धा. ज्यांना बघायचंय त्यांनी अंतिम फेऱ्यांवर न थांबता पहिल्या दिवसाच्या हीट्सही बघाव्यात. पोहण्यात संथ वेळांच्या हीट्स आधी असतात, तेव्हा लवकर उठावं लागेल.

निवांत_पाटी

सेनेगल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे ना? मग त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. उठायचं काही कारण नाही.

ठिपका

हो की. मग तर कुणालाच सबब नाही.